दुखत नाही, पण हलतंय

पंधरा वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत गप्पा चालायच्या त्या व्हिसाच्या, घराच्या हप्त्यांच्या आणि मुलांच्या ग्रामर स्कूलच्या. आता त्याच रांगेत गुडघ्यांची चर्चा असते. कुणाच्या आईचे दोन्ही गुडघे पुण्याला झाले, कुणाच्या सासऱ्यांचा खुबा इथेच एनएचएसमध्ये झाला, कुणी अजून वेटिंग लिस्टवर आहे. "ऑपरेशन कसं झालं?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं, "मस्त! आता अजिबात दुखत नाही."

या 'दुखत नाही'बद्दलच मला थोडं लिहायचं आहे. मी डॉक्टर नाही. २००४ साली मँचेस्टरला एम.एस्सी. करायला आलो आणि इकडचाच झालो. आयटीमध्ये कन्सल्टिंग करतो. म्हणजे लोकांचा डेटा कुठे ठेवायचा, कसा ठेवायचा, कुणाला दाखवायचा, हे सांगण्याचे पैसे घेतो. अशाच एका कामाच्या निमित्ताने युरोपातल्या एका विद्यापीठाच्या गावी भरलेल्या शास्त्रीय बैठकीत दोन दिवस बसायची वेळ आली. माझ्या क्लायंटला एक्स-रे चित्रांचा मोठा साठा सांभाळायचा होता आणि ती चित्रं वापरणारी माणसं नेमकं काय करतात हे मी समजून घ्यावं अशी अपेक्षा होती. बैठकीचा विषय एकच होता, हाडात बसवलेला कृत्रिम सांधा नंतर किती हलतो! दोन दिवस, सकाळी साडेआठपासून, फक्त एवढंच. पहिल्या तासाला मी घड्याळ बघत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठावंसं वाटत नव्हतं.

आधी ही मोजदाद कशी करतात ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निघतो.

साध्या एक्स-रेवर कृत्रिम सांधा एखाद-दोन मिलिमीटर सरकला तरी खात्रीने सांगता येत नाही. पाय जरा वाकडा ठेवला की तेवढा फरक चित्रात पडतोच. स्वीडनमधल्या लुंड इथल्या योरान सेल्विक यांनी १९७४ सालच्या आपल्या प्रबंधात यावर तोडगा मांडला. ऑपरेशनच्या वेळीच सांध्याभोवतीच्या हाडात टँटलम धातूचे बारीक मणी रोवायचे. एकेक मणी एक मिलिमीटर किंवा त्याहून लहान, आपल्या खसखशीच्या दाण्याएवढा. मग दोन बाजूंनी दोन एक्स-रे एकाच क्षणी घ्यायचे. सांध्याजवळ एक पिंजरा ठेवलेला असतो, त्यातही मणी असतात आणि त्यांच्या जागा अगदी नेमक्या ठाऊक असतात. त्या आधाराने हाडातल्या प्रत्येक मण्याची त्रिमितीतली जागा गणिताने काढायची. सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी पुन्हा तेच. हाडातले मणी आणि सांधा यांच्यातलं अंतर बदललं असेल तर सांधा हलला. या पद्धतीला थोडक्यात आरएसए म्हणतात. एका मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापर्यंत ती पोचते. आपल्या ऑफिसातल्या प्रिंटरचे दोन कागद एकावर एक ठेवा, साधारण तेवढी जाडी.

टँटलमच का, हे मी तिथे विचारलं. हा धातू एक्स-रेत लख्ख दिसतो आणि शरीरातल्या द्रवांचा त्याच्यावर परिणाम होत नाही. एकेबर्ग नावाच्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तो १८०२ साली शोधला आणि ग्रीक पुराणातल्या टँटलसचं नाव त्याला दिलं. गळ्यापर्यंत पाण्यात उभा, पण पिता येत नाही असा शाप असलेला राजा तो. हा धातूही आम्लात बुडवला तरी त्यातलं काही घेत नाही म्हणून. (इथे "आपणही परक्या हाडात रोवलेले मणीच" असं रूपक स्मरणिकेच्या लेखकाला सुचणं अपरिहार्य आहे. मलाही सुचलं. सोडून देतो.)

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र वेगळी. या मंडळींना आपल्या मापाची चूक किती हे कसं कळतं? तर पेशंटचे एक्स-रे घेतात, त्याला टेबलावरून उठवतात, पुन्हा झोपवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा तेच एक्स-रे घेतात. एवढ्या वेळात सांधा सरकलेला असणं शक्य नाही. म्हणजे खरं उत्तर शून्य. मग गणितातून जे काही शून्याहून वेगळं येईल ती आपली चूक. आधी आपलं 'काहीच नाही' केवढं असतं ते मोजायचं आणि त्याहून मोठं असेल त्यालाच 'काहीतरी' म्हणायचं. आमच्या धंद्यात दर तिमाहीला अर्धा टक्क्याची वाढ रंगीत आलेखात दाखवणाऱ्या मॅनेजरांना ही शिस्त सक्तीने शिकवायला हवी!

आता मुद्द्याचं. नवा सांधा पहिल्या काही महिन्यांत थोडा हलतोच. बैठक बसते म्हणा. चांगला सांधा नंतर थांबतो. वाईट सांधा थांबत नाही. स्वीडिश संशोधकांनी १९९५ साली गुडघ्यांच्या बाबतीत दाखवून दिलं की पुढे ढिले झालेले सांधे पहिल्यापासूनच जास्त सरकत होते आणि सरकतच राहिले होते. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दरम्यान ०.२ मिलिमीटरहून जास्त सरकणं ही धोक्याची खूण ठरली. दुखायला लागतं ते कित्येक वर्षांनी. २०१२ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाने पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र करून गुडघ्याच्या खालच्या भागासाठी पहिल्या वर्षाच्या सरकण्याच्या मर्यादा सुचवल्या. सरासरी अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, १.६ च्या वर गेली तर ते डिझाइन नको आणि मधे असेल तर जपून.

म्हणजे वीस-तीस पेशंटांवर दोन वर्षं मोजलं की एखादं नवं डिझाइन दहा वर्षांनी काय करेल याचा अंदाज येतो. नाहीतर तेच कळायला हजारो माणसांच्या शरीरात ते बसवून दहा वर्षं वाट पाहावी लागते.

वाट पाहण्याची किंमत काय असते त्याचा दाखला आमच्या घरापासून फार लांब नाही. लँकेशरमधल्या राइटिंग्टनला सर जॉन चार्नली यांनी आजच्या खुबाबदलाचा पाया घातला. १९५८ पासून त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं, आपल्या तव्यांवर असतं तेच. घर्षण कमी, सगळे खूश. दोन-तीन वर्षांत ते झिजायला लागलं आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूचं हाड खाल्लं. तोपर्यंत सुमारे तीनशे खुबे झाले होते. चार्नलींनी त्या पदार्थाचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून घेतले, शरीर काय करतं ते बघायला. आणि आपल्याच पेशंटांची ऑपरेशनं पुन्हा करत बसले. त्याच सुमाराला यंत्रांचे प्लास्टिकचे गिअर विकणारा एक विक्रेता हॉस्पिटलात येऊन गेला. चार्नलींनी तो नमुना मोडीत काढला. त्यांचा कार्यशाळेतला तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र साहेब परगावी असताना तो झिजवण्याच्या यंत्रावर लावून ठेवला. तो जवळजवळ झिजलाच नाही. ते होतं पॉलिएथिलीन. नोव्हेंबर १९६२ पासून ते वापरात आलं आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही लोकांच्या शरीरात आहेत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करतो आणि सोमवारी पॅच पाठवतो. हाडाला पॅच नसतो. पुन्हा उघडून, जुना सांधा ओढून काढून, उरलेल्या कमी हाडात नवा बसवायचा, हे पहिल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी अवघड.

तर मग ही मोजणी सर्वांगसुंदर आहे, असं वाटेल. मलाही जेवणाच्या सुट्टीपर्यंत तसंच वाटत होतं. पण दुपारी एका सत्रात एक निवृत्त बाई बोलायला उभ्या राहिल्या. डॉक्टर नव्हेत, पेशंट. अभ्यासात स्वतःहून भाग घेतलेल्या. आयुष्यभर टपाल वाटलं म्हणाल्या, म्हणून गुडघे गेले. त्यांच्या गुडघ्याभोवतीच्या हाडात मणी आहेत आणि ते आता मरेपर्यंत राहणार. त्या म्हणाल्या, "मणी घालू का, हे मला विचारलं. जादा एक्स-रे चालतील का, हेही विचारलं. पण माझा गुडघा सरकतोय असं दिसलं तर मला सांगायचं की नाही, हे कुणी विचारलं नाही."

सभागृहात एकदम शांतता झाली. मग अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढचा निबंध सुरू झाला.

चहाच्या वेळी मी एका सर्जनला गाठलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. आम्ही एक्स-रेवर नाही, माणसावर उपचार करतो. बाईंना दुखत नाही, त्या बागेत काम करतात, जिने चढतात. ०.३ मिलिमीटर सरकल्याबद्दल मी त्यांचं ऑपरेशन करणार नाही, कुणीच करणार नाही. मग सांगून काय साधणार? उद्यापासून गुडघ्यात साधी कळ आली तरी त्यांना रात्रभर झोप लागणार नाही. शिवाय, तो म्हणाला, या मर्यादा गटाच्या सरासरीवरून काढलेल्या आहेत. त्या डिझाइनबद्दल बोलतात, माणसाबद्दल नाही.

यातलं शेवटचं खरं आहे आणि त्यात आणखी एक मेख आहे. एक्सेटर नावाचा खुब्याचा दांडा १९७० पासून इंग्लंडमध्ये वापरतात. तो वरून रुंद, खाली निमुळता आणि गुळगुळीत आहे. तो सिमेंटच्या आत पहिल्या काही वर्षांत एक-दीड मिलिमीटर खाली उतरतो, आणि त्याने उतरावं हीच त्याची रचना आहे. पाचरीसारखा उतरतो आणि घट्ट बसतो. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग खरखरीत केला तर निकाल बिघडले. १९८६ मध्ये पुन्हा गुळगुळीत केला. म्हणजे एका सांध्यात जे सरकणं अपशकुन, तेच दुसऱ्यात शुभलक्षण. नुसता आकडा सांगणं म्हणजे सत्य सांगणं नव्हे. सरकलंय हे कळलं, पुढे काय होणार ते कळलं नाही; कुंडलीत मंगळ आहे एवढंच सांगून भटजी निघून गेल्यासारखं.

तरीही त्या सर्जनचं पूर्ण म्हणणं मला पटलं नाही, आणि का पटलं नाही हे शोधायला मला बरेच दिवस लागले.

आपल्याकडे 'पेशंटला सांगू नका' ही रीत जुनी आहे. माझ्या लहानपणी आजोबांना कॅन्सर झाला तेव्हा घरातल्या मोठ्यांनी डॉक्टरांना दाराबाहेरच गाठून तसं बजावलं होतं. आजोबांना 'अल्सर' सांगितला गेला. त्यांनीही तो शेवटपर्यंत अल्सरच मानला, निदान आमच्यासमोर. पण जाण्याआधी दोन महिने बँकेतली खाती त्यांनी आजीच्या नावावर केली. तेव्हा कोण कुणापासून लपवत होतं? इथे इंग्लंडमध्ये उलटं आहे. डॉक्टर आधी पेशंटला सांगतो आणि नातेवाइकांना सांगायचं तर पेशंटची परवानगी घेतो. इथे आल्यावर सुरुवातीला मला हे कोरडं वाटायचं. आता वाटत नाही. आपल्या रीतीत माया आहे हे खरं, पण त्या मायेत एक गृहीतही आहे, की या माणसाला हे झेपणार नाही. सत्तर वर्षं संसार झेपला, फाळणी-दुष्काळ झेपले, आणि एक शब्द झेपणार नाही?

टपालवाल्या बाईंच्या बाबतीत प्रश्न आणखी टोकदार होतो. आजोबांचे तपास आजोबांसाठी होते. बाईंच्या गुडघ्यातले मणी त्यांच्यासाठी नाहीतच. ते तुमच्या-माझ्यासाठी आहेत, दहा वर्षांनी ज्यांचे गुडघे बदलतील त्यांच्यासाठी. त्यांच्या गटाची सरासरी वाईट आली तर ते डिझाइन बाजारात पसरणार नाही आणि हजारो अनोळखी माणसं वाचतील. पण ज्या वीस जणांमुळे ते कळलं त्यांच्या पायात तोच गुडघा राहील. आमच्या मंडळातल्या एका काकांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अरे, हाच निष्काम कर्मयोग!" मला वाटतं, इतक्या उंचावर न्यायची गरज नाही. बाई स्वतः म्हणाल्या की एरवीपेक्षा जास्त वेळा डॉक्टर तपासतील हाही हेतू होता. हेतू भेसळीचा असला तरी उपकार खोटा होत नाही. आणि उपकार केला म्हणून त्या माणसाच्या शरीराची माहिती आपली मालमत्ता होत नाही. डेटाचा धंदा करणारा माणूस म्हणून हे मला फार स्पष्ट दिसतं. ज्या फाइलमध्ये बाईंच्या गुडघ्याचे आकडे आहेत ती कुठे ठेवायची, कोणी उघडायची, किती वर्षांनी पुसायची, याचे नियम मी स्वतः लिहून दिले. त्या यादीत सांख्यिकीतज्ज्ञ होते, परीक्षक होते, कंपनीचे प्रतिनिधी होते. बाई नव्हत्या. मसुद्यात मी तशी एक ओळ घातली. तिच्यावर अजून चर्चा चालू आहे.

मला सुचलेलं उत्तर साधं आहे. सांगणं आणि न सांगणं या दोन्हींआधी एक पायरी आहे, ती म्हणजे विचारणं, आणि तेही मणी घालण्याआधी. संमतिपत्रावर जिथे जादा एक्स-रेबद्दल लिहिलंय तिथेच लिहावं, "तुमचा सांधा अपेक्षेपेक्षा जास्त सरकतोय असं दिसलं आणि तुम्हाला त्रास नसला, तर तुम्हाला कळवायचं का?" काही जण नको म्हणतील आणि त्यांचं तेही ऐकावं. मात्र जिथे कळण्याला काही कृती जोडलेली आहे, उदाहरणार्थ दरवर्षी एक एक्स-रे काढा, ही लक्षणं दिसली तर लगेच या, तिथे न सांगण्याला माझ्या मते काहीच सबब नाही.

कारण न सांगितल्याने काय होतं तेही आपण पाहिलेलं आहे. डेप्यू कंपनीचा ए.एस.आर. हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. तोपर्यंत जगात सुमारे ९३ हजार माणसांना तो बसला होता. ऑस्ट्रेलियात तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीने वेळेवर घंटा वाजवली आणि तो डिसेंबर २००९ मध्येच मागे घेतला गेला होता. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनं झाली होती. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरलं, पण केंद्राच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल यायला २०१८ साल उजाडलं आणि तोवर बहुसंख्य पेशंटांचा पत्ताच लागत नव्हता. त्यांना सांगायचं की नाही हा नैतिक प्रश्न पडायला आधी ते सापडायला तर हवेत! (इथे एक कबूल करायला हवं, की मण्यांची मोजणी या खुब्याला पकडेलच असं नव्हतं. त्याचं दुखणं मुख्यतः सरकण्याचं नव्हतं. झिजून रक्तात-मांसात जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमचं होतं. एका मापात सगळं येत नाही.)

इंग्लंड-वेल्समध्ये २००३ पासून राष्ट्रीय नोंदवही आहे. कोणत्या पेशंटला कोणत्या कंपनीचा, कोणत्या क्रमांकाचा सांधा बसला ते तिथे नोंदलेलं असतं. भारतात सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. ऑगस्ट २०१७ मध्ये भारत सरकारने गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये अधिक कर. तेव्हा आपल्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर किमतीची चर्चा झाली. 'अमेरिकन गुडघा' की 'इंडियन गुडघा' यावरही झाली. कुठला गुडघा थांबतो आणि कुठला सरकत राहतो, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझ्या आईचे दोन्ही गुडघे २०१५ साली नाशिकला झाले. बैठकीहून परतल्यावर रविवारच्या फोनवर मी विचारलं, "आई, तुझे गुडघे कुठल्या कंपनीचे आहेत?"

"कंपनी कसली? डॉक्टरांनी बसवलेत."

"अगं, बॉक्सवरचे स्टिकर फाइलला चिकटवतात. फाइल आहे का?"

"असेल माळ्यावर. तुला कशाला हवी? मला चालता येतंय की नाही?"

मी तिला बैठकीचं सगळं सांगितलं. मणी, खसखस, टपालवाल्या बाई. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि त्या बाईंचा हलत होता का?" ते मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. "मग विचारायचं ना त्यांनी," आई म्हणाली, "तोंड आहे की."

हॉस्पिटलला फोन केला तर कळलं की मधल्या काळात इमारत बदलली आणि जुने कागद काढून टाकले. शेवटी भाच्याने माळ्यावर चढून पिशवी शोधली आणि फोटो पाठवला. फाइलच्या मागच्या पानावर स्टिकर होते. डाव्या गुडघ्याचे नीट वाचता येत होते: पुष्कळ वर्षं वापरातलं, इथल्या नोंदवहीत चांगला निकाल असलेलं डिझाइन. उजव्याच्या स्टिकरवर कधीतरी पावसाचं पाणी गळलं होतं. कंपनीचं नाव तेवढं दिसत होतं, बाकी निळा डाग. आईला दोन्ही सांगितलं, आणि उजव्याचा एक एक्स-रे वर्षातून एकदा काढत जा म्हणालो.

"उजव्याला काही होत नाही," ती म्हणाली. "पण काढीन. दिवाळीनंतर." मग भाजीवाला आला म्हणून तिने फोन ठेवला.